वणव्यावरचे विमान आणि न पोचलेला नकार

२३ जानेवारी २०२० रोजी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळच्या रिचमंड हवाई तळावरून सी-१३० हर्क्युलिस जातीचे एक चार इंजिनांचे विमान उडाले. त्याच्या टाकीत सुमारे १५,००० लिटर अग्निरोधक द्रव होता. न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण भागात, स्नोई पर्वतराजीच्या परिसरात भडकलेल्या वणव्यांच्या वाटेवर तो टाकायचा आणि परत येऊन पुन्हा टाकी भरून घ्यायची, एवढेच त्याचे काम होते. सव्वा वाजता कूमा विमानतळाच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर, पीक व्ह्यू नावाच्या भागात, ते विमान जमिनीवर आदळले आणि जळून गेले. वैमानिक, सहवैमानिक आणि उड्डाण अभियंता हे तिघेही अमेरिकन नागरिक त्यात ठार झाले. तिघांनीही पूर्वी अमेरिकी सैन्यदलांत सेवा केली होती. परक्या देशातील अरण्ये आणि वस्त्या वाचविण्यासाठी ते आले होते.

त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात वणव्यांनी थेट घेतलेले बळी ३३. त्यांत आग विझविणारे नऊ आणि त्या नवांपैकी हे तीन. जळालेली घरे तीन हजारांहून अधिक. एवढ्या मोठ्या विध्वंसात एका विमानाचा अपघात हा तपशीलच वाटावा. परंतु ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची जी चौकशी केली आणि २०२२ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, तो वाचला म्हणजे ध्यानात येते की हे प्रकरण केवळ विमानांचे नाही. कार्यालयात बसून आज्ञा देणारा आणि जागेवर जाऊन ती पाळणारा यांच्यामधल्या संबंधाचे ते आहे. म्हणूनच ज्यांचा विमानांशी दुरूनही संबंध येत नाही अशा वाचकांपुढेही ते मांडणे अगत्याचे वाटते.

मोठ्या अग्निशामक विमानापुढे एक छोटे विमान पाठविण्याचा प्रघात आहे. ते आधी जागेवर पोचते, वारा, धूर, टेकड्या, विजेच्या तारा पाहते आणि मागून येणाऱ्या अवजड विमानाला वाट दाखविते. सावजाचा माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यावरून त्याला 'बर्डडॉग' म्हणतात. त्या दिवशी पहिले लक्ष्य ॲडमिनॅबी या गावाजवळचा वणवा होते. बर्डडॉगच्या वैमानिकाने तेथे जाण्यास नकार दिला. हवामान धोक्याचे आहे, असे त्याचे मत पडले. त्यानंतर एक बोइंग ७३७ जातीचे अग्निशामक विमान तेथे गेले. वाऱ्याच्या माऱ्याने ते वैमानिकाच्या इच्छेविरुद्ध पंचेचाळीस अंशांपर्यंत कलंडले. वारा एकाएकी पालटत असल्याची सूचना देणारे यंत्र त्या विमानात होते, तेही वाजू लागले. त्या वैमानिकांनी द्रव टाकला, पण परतताना स्पष्ट कळविले की परिस्थिती निवळल्याखेरीज आम्ही पुन्हा तेथे जाणार नाही.

म्हणजे एकाच जागेसंबंधी दोन जाणकारांचे दोन नकार नियंत्रण कक्षाकडे जमा झाले होते. तिसरे विमान, हे हर्क्युलिस, तरीही त्याच जागेकडे रवाना झालेले होते, आणि त्याच्यापुढे बर्डडॉग नव्हता. राज्याच्या ग्रामीण अग्निशमन सेवेने त्याला मागे बोलाविले नाही. जागेवर पोचून काय ते वैमानिकाने ठरवावे, अशी भूमिका घेतली. चौकशी मंडळाचा ठपका नेमका येथे आहे. निर्णय वैमानिकावर सोपविला, परंतु निर्णय घेण्यासाठी लागणारी आणि हाताशी असलेली सारी माहिती त्याच्या हाती दिली नाही. एखाद्या वैमानिकाने काम नाकारले तर त्या नकाराचे काय करायचे, तो कोणाला कळवायचा, त्याच भागात जाणाऱ्या दुसऱ्या वैमानिकाच्या कानावर तो कसा घालायचा, याविषयी त्या सेवेचा कोणताही नियम नव्हता. बर्डडॉगविना मोठे विमान केव्हा पाठवावे आणि केव्हा पाठवू नये, याचीही पद्धत ठरलेली नव्हती.

वैमानिक आकाशवाणीवरून एकमेकांशी बोलतात आणि सहव्यवसायी म्हणून एकमेकांना सावधही करतात. पण ती त्यांची सौजन्याची देवघेव झाली, तिला व्यवस्था म्हणत नाहीत. आपल्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. एका टेबलावर 'हे करणे योग्य होणार नाही' असा शेरा पडतो. तो शेरा त्या फायलीतच राहतो आणि तेच काम नव्या फायलीतून तिसऱ्या टेबलावर जाते. तिसऱ्या टेबलावरच्या माणसाला पहिल्याचा शेरा दिसतच नाही. पुढे काही विपरीत घडले म्हणजे सही मात्र तिसऱ्याची असते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, नाहीतर युक्तिवाद फार सोपा होईल. अपघात ॲडमिनॅबीला झालाच नाही. हर्क्युलिसच्या वैमानिकांनीही तेथील धूर आणि वारा पाहून तेथे द्रव टाकण्याचे नाकारले. आधीच्या दोघांचा निर्णय बरोबर होता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरविले. त्यानंतर त्यांना पीक व्ह्यूजवळच्या दुसऱ्या वणव्याकडे वळविण्यात आले. त्या वणव्याचे नाव 'गुड गुड' असे होते. तिकडे वणव्यांना स्थळांवरून नावे देतात, त्यात कोणाचा विनोद नाही. या दुसऱ्या जागेविषयी कोणाचाही नकार नोंदलेला नव्हता. मग आधीच्या नकारांचा आणि अपघाताचा संबंध काय, असे कोणी विचारील.

संबंध असा की वारा गावाची शीव पाहून वाहत नाही. ज्या हवामानाने ॲडमिनॅबीला एक विमान पंचेचाळीस अंश कलंडविले, तेच हवामान त्या साऱ्या डोंगराळ टापूवर पसरलेले होते. दोन नकार एकत्र वाचले असते तर ते एका गावाचे वर्णन ठरले नसते. आज या भागात अवजड विमान खाली नेऊ नये, असे ते सांगत होते. पण ते एकत्र वाचण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. शिवाय तासभर उडून आलेल्या, टाकी भरलेली असलेल्या आणि एकदा रिकाम्या हातांनी वळाव्या लागलेल्या माणसाला दुसऱ्यांदा 'नाही' म्हणणे किती जड जाते, हे मनुष्यस्वभाव ओळखणाऱ्याला सांगायला नको. हे माझे अनुमान आहे, अहवालाचे नव्हे. परंतु असे अनुमान करण्यास विशेष कल्पनाशक्ती लागत नाही.

शेवटचे काही सेकंद

पीक व्ह्यूवर घिरट्या घालून वैमानिकांनी जमिनीपासून सुमारे दोनशे फुटांवरून द्रवाचा एक हप्ता टाकला. तो सुमारे ४,५०० लिटर होता. उरलेला सुमारे १०,५०० लिटर टाकीतच होता. विमान डावीकडे वळत वर चढू लागले, ते जमिनीवरच्या साक्षीदारांनी पाहिले. मग ते धुरात दिसेनासे झाले. पुन्हा दिसले तेव्हा ते जमिनीच्या फार जवळ आलेले होते.

विमान तरंगते ते जमिनीच्या संदर्भातील वेगामुळे नव्हे, पंखावरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे, हे शाळेत शिकविले जाते आणि पुढे आपण विसरतो. समोरून वारा येत असेल तर तो विमानाला उचलण्यास साहाय्य करतो. तोच वारा क्षणार्धात पाठीमागून येऊ लागला तर, इंजिने पूर्वीइतक्याच जोराने चालत असूनही, पंखावरील हवेचा वेग एकदम घटतो. वारा पडला म्हणजे पतंग गोते खातो, त्यातलाच हा प्रकार. उंचीवर असलेल्या विमानाला नाक खाली करून वेग परत मिळविता येतो. दोनशे-तीनशे फुटांवर असलेल्या विमानाला खाली जायला जागाच नसते. त्यातून डोंगराळ उंची, जानेवारीतील तिकडच्या उन्हाळ्याची तापलेली विरळ हवा आणि टाकीतले शिल्लक ओझे यांची भर. पंख हवेला धरीनासा झाला आणि विमान कोसळले, असाच चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे.

टाकीतील सारा द्रव काही क्षणांत ओतून देऊन विमान हलके करण्याची सोय या विमानांत असते. तसे केले असते तर चढण्याची क्षमता वाढली असती, परंतु द्रव ओतला गेला नाही. का नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही, कारण विमानातील संभाषण टिपणारे यंत्र त्या दिवशी चालूच नव्हते. त्यात आधीच्या एका उड्डाणातलेच बोलणे निघाले. वारा पालटल्याची सूचना देणारे जे यंत्र बोइंगमध्ये होते, ते या हर्क्युलिसमध्ये बसविलेले नव्हते. असा वारा सापडला तर विमान कसे सावरावे, याची कार्यपद्धती कंपनीच्या पुस्तिकेत नव्हती आणि वैमानिकांच्या वार्षिक सरावातही हा प्रसंग नव्हता. उड्डाणापूर्वी त्या दिवसाच्या जोखमीचा अंदाज मांडून पाहण्याची रीतही कंपनीने घालून दिलेली नव्हती. हे सारे वाचल्यावर 'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग किती अपुरा पडतो ते दिसते. मेलेल्या माणसावर दोष टाकणे हे जगातील सर्वांत स्वस्त निदान होय. या चौकशी मंडळाने तो मोह टाळला, याबद्दल त्याला धन्यवाद दिले पाहिजेत.

कारण सर्वच ठिकाणी असे होत नाही. निदान वेळेवर होत नाही. १३ ऑगस्ट १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील पेअरब्लॉसम गावाजवळ असेच एक जुने सी-१३० विमान हवेतच मोडून पडले आणि तिघे मृत्युमुखी पडले. पंखाजवळ इंधनाचा स्फोट झाला, असा त्या वेळी समज झाला. प्रकरण मिटले. आठ वर्षांनी, १७ जून २००२ रोजी, त्याच राज्यात वॉकर गावाजवळ त्याच बनावटीच्या विमानाने वणव्यावर द्रव टाकला आणि पुढच्याच क्षणी त्याचे दोन्ही पंख, पुस्तक मिटावे तसे, वरच्या बाजूला दुमडून गळून पडले. विमानाचा सांगाडा तसाच जमिनीत घुसला. पुन्हा तिघे गेले. या वेळी मात्र रेनो शहरातील एका दूरचित्रवाणी केंद्राचा छायाचित्रकार वणव्याचे चित्रण करीत होता. साऱ्या अमेरिकेने ते पंख दुमडताना पाहिले. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला स्फोट म्हणता येईना.

उजव्या पंखाच्या खालच्या पत्र्यात सुमारे बारा इंच लांबीची भेग निघाली. दोन रिव्हेटांच्या छिद्रांपासून दोन भेगा सुरू झाल्या होत्या आणि वाढत वाढत एक झाल्या होत्या. धातूला शीण येतो. तार वारंवार वाकविली म्हणजे ती तुटते, तसेच पंखाच्या पत्र्याचे होते. या भेगेवर मूळ कारखान्यानेच मजबुतीसाठी एक जादा पत्रा जडविलेला होता. म्हणजे पंखाखाली उभे राहून कोणी कितीही निरखून पाहिले असते तरी भेग दिसली नसती. ते विमान १९५७ सालचे होते. सैन्याने ते १९७८ मध्ये सेवेतून काढले होते. मालाची ने-आण करण्यासाठी उंच, शांत हवेत उडावे म्हणून घडविलेले ते विमान, पुढची अनेक वर्षे दऱ्याखोऱ्यांतून, उकळत्या हवेच्या धक्क्यांतून, दर खेपेला कित्येक टनांचे ओझे एकाएकी फेकीत उडविले गेले. वॉकरनंतर पेअरब्लॉसमचे जुने अवशेष पुन्हा तपासले गेले, तेव्हा तेथेही शिणाच्या भेगा आढळल्या. १९९४ मध्ये त्या सापडल्या असत्या तर २००२ मधील तिघे कदाचित घरी परतले असते.

वॉकरला महिना होतो न होतो तोच, १८ जुलै २००२ रोजी, कोलोरॅडोतील एस्टेस पार्कजवळ त्याच कंत्राटदाराचे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक नौदली बाँबफेकी विमान पंख निखळून पडले. त्यात दोघे दगावले. कारण तेच, भेग.

मग समिती नेमली गेली. समित्या बहुधा बोटचेपे लिहितात. ही त्याला अपवाद होती. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात या हवाई सेवेची सुरक्षितता मान्य करण्याजोगी नाही, असे सरळ म्हटले होते. जमिनीवरून आग विझविणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण हवेतल्या माणसांइतके असते, तर दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे मेली असती, असा हिशेबही तिने मांडला. दोनशे माणसे जमिनीवर मेली असती तर कोणत्याही सरकारला ते सोसले नसते. हवेत दोन-दोन, तीन-तीन करून माणसे मरत होती, म्हणून ते खपून गेले.

त्यानंतर जो पत्रव्यवहार झाला तो आपल्या सचिवालयात शोभला असता. नागरी विमान वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या खात्याने म्हटले, वणव्यावर असताना ही विमाने सरकारी कामावर असतात, म्हणून त्यांची देखरेख आमच्याकडे येत नाही. वन खात्याने म्हटले, ही विमाने उड्डाणयोग्य आहेत की नाहीत हे ठरविण्याचे ज्ञान आमच्याकडे नाही. कंत्राटदार म्हणणार, आम्हाला जे नियम घालून दिले ते आम्ही पाळले. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००४ मध्ये निर्वाळा दिला की ज्याच्या कामासाठी विमान उडते त्याला जबाबदारी झटकता येणार नाही. तेव्हा वन खात्याने एका फटक्यात ३३ मोठ्या विमानांची कंत्राटे रद्द केली. काल चालत असलेली विमाने आज चालेनाशी झाली. विमाने तीच होती, त्यांच्यासाठी सही करण्यास आता कोणी तयार नव्हते, एवढेच.

ही विमाने मुळात इतकी जुनी का असतात? उत्तर पैशात आहे. वणवे वर्षातून काही महिने पेटतात. त्यासाठी नवे विमान घडविणे कोणाही कंत्राटदाराला परवडत नाही, म्हणून सैन्याने टाकून दिलेले विमान घ्यायचे, त्याच्या पोटात टाकी बसवायची आणि चालवायचे. पीक व्ह्यूचे विमानही मुळात अमेरिकी नौदलाचे होते. पाणबुड्यांशी संदेशांची देवघेव करण्यासाठी ते बांधले गेले होते. याला कॅनडाचा मोठा अपवाद आहे. तेथे खास वणव्यांसाठी आखलेले, तळ्याच्या पृष्ठभागावरून धावत काही सेकंदांत हजारो लिटर पाणी उचलणारे सीएल-२१५ हे विमान १९६७ मध्ये प्रथम उडाले. पण खास बांधलेले विमान म्हणजे अभय नव्हे. २५ जुलै २०२३ रोजी ग्रीसमधील एव्हिया बेटावर याच जातीच्या विमानाचा पंख झाडाला लागला, पुढच्या टेकडीवर ते आदळले आणि हवाई दलाचे दोन तरुण अधिकारी जागीच ठार झाले. ग्रीसच्या सरकारी दूरचित्रवाणीवर त्या वेळी वणव्याचे थेट प्रक्षेपण चालू होते.

दूरचित्रवाणीचा उल्लेख दुसऱ्यांदा आला, तो योगायोगाने नव्हे.

कोणासाठी उडायचे?

वणव्याविरुद्ध विमान वापरण्याची कल्पना अगदी विनम्र परिस्थितीत जन्मली. जुलै १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो अरण्यात 'रॅटलस्नेक' नावाच्या वणव्याने पंधरा अग्निशामकांचा बळी घेतला. त्या धक्क्यानंतर तेथील वनाधिकाऱ्यांनी पिकांवर फवारणी करणाऱ्या स्थानिक वैमानिकांना विचारले, तुम्हाला आगीवर पाणी टाकता येईल काय? १९५५ मध्ये विलोज गावच्या धावपट्टीवर एका जुन्या दुपंखी विमानाला भोक पाडून सुमारे ६४० लिटरची टाकी बसविण्यात आली. उद्देश स्पष्ट होता. आग लहान असतानाच तिच्यावर धावून जायचे आणि जमिनीवरच्या माणसांना उसंत मिळवून द्यायची. आजही हे काम विमाने उत्तम करतात आणि त्याविषयी कोणी शंका घेऊ नये. टाकतात तो लाल द्रव म्हणजे पाणी, खतासारखे फॉस्फेटचे क्षार आणि जागा दिसावी म्हणून लाल रंग. तो बहुधा ज्वाळांवर टाकीत नाहीत. ज्वाळांच्या वाटेतील न पेटलेल्या झाडोऱ्यावर त्याचा पट्टा ओढतात. त्या पट्ट्याच्या आधाराने जमिनीवरची माणसे पुढे सरकतात आणि आग विझवितात ती माणसेच. मागून माणसे आली नाहीत तर पट्टा काही काळाने निरुपयोगी होतो.

आता पेच असा आहे. वारा मंद असतो, आग लहान असते, तेव्हा विमान उपयोगी पडते आणि सुरक्षितही असते. पण तेव्हा कोणाचे तिकडे लक्ष नसते. वारा सोसाट्याचा सुटतो, आग डोंगर ओलांडते, घरे पेटू लागतात, तेव्हा टाकलेला द्रव वाऱ्याने विस्कटून जातो, त्याचा पट्टा पडत नाही, ठिणग्या त्याच्यावरून पुढे उडतात. विमान तेव्हा सर्वांत निरुपयोगी आणि सर्वांत धोक्यात असते. आणि लोक नेमके तेव्हाच विचारतात, विमाने कुठे आहेत? पुढारी विचारतात, वार्ताहर विचारतात. लाल फवारा सोडणारे विमान हे सरकार काही करीत आहे याचे असे दृश्य प्रमाण आहे की त्याची बरोबरी कोणत्याही निवेदनाला येणार नाही. अमेरिकेतील अग्निशामकांनी अशा फवाऱ्यांना एका वृत्तवाहिनीचे नाव देऊन 'सीएनएन ड्रॉप' म्हणण्यास सुरुवात केली. 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने २००८ मध्ये वणव्यांवरील आपल्या लेखमालेत ही गोष्ट वेशीवर टांगली. पुढच्या वर्षी त्या लेखमालेला पुलित्झर पारितोषिक मिळाले. परंतु लोकांची विचारणा काही थांबली नाही.

ज्याचे घर पेटण्याच्या बेतात आहे त्याने आकाशाकडे पाहू नये, असे मी म्हणणार नाही. त्याला तो अधिकार आहे. पण त्याची हाक आणि वैमानिकाचा निर्णय यांच्यामध्ये कोणीतरी उभा असला पाहिजे, जो 'आज नाही' असे सांगेल आणि त्याबद्दल शिव्या खाईल. नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्याचे काम तेच. २३ जानेवारीला ऑस्ट्रेलियात ते काम वैमानिकाच्या स्वायत्ततेच्या नावाखाली खाली ढकलले गेले. 'अंतिम निर्णय तुमचा' हे वाक्य ऐकायला मोठे सन्मानाचे वाटते. शाळेतल्या शिक्षकाला वरून आलेल्या परिपत्रकाच्या शेवटी 'स्थानिक परिस्थिती पाहून मुख्याध्यापकांनी उचित निर्णय घ्यावा' असे वाक्य दिसले की तो समजून जातो. काही बिघडले तर कोणाकडे बोट दाखवायचे, हे वरच्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते.

आपल्याकडे हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. वणव्यांवर हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे दोरीने लोंबकळणारी पाण्याची बादली घेऊन २०१६ मध्ये उत्तराखंडात, २०२१ मध्ये मिझोराममध्ये, २०२२ मध्ये राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात आणि २०२४ मध्ये नैनितालला उडाली. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले, तेव्हा हवाई दलाबरोबर नौदलाचीही हेलिकॉप्टरे त्या कामी लागली. पश्चिम घाटातल्या वणव्यावर आकाशातून पाणी पडताना मराठी माणसाने बहुधा प्रथमच पाहिले. हेलिकॉप्टरे सैन्याची, वैमानिक सैन्याचे, विनंती राज्य सरकारची. उन्हाळे कडक होत चालले आहेत, तेव्हा ही विनंती पुढेही होईल. उद्या कोणी खास विमाने विकत वा भाड्याने घ्यावीत असा प्रस्ताव मांडील, आणि तो मांडला जाईल तेव्हा टाकी किती लिटरची यावर भरपूर चर्चा होईल. विमान कोणत्या सालचे, त्याच्या पंखातील न दिसणाऱ्या भेगा कोणत्या उपकरणाने आणि किती तासांनी तपासणार, त्या तपासणीवर कोणत्या खात्याची सही असणार, आणि वैमानिकाने 'नाही' म्हटले तर ते कोणत्या वहीत लिहिले जाणार, हे प्रश्न त्या चर्चेत यावेत म्हणून हा प्रपंच.

आणि हे प्रश्न विमान येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणवा विझविण्यास गेलेल्या वन खात्याच्या चार माणसांचा होरपळून अंत झाला. आणखी चौघे भाजले. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात तीन वनरक्षक मजूर असेच गेले. आपल्या सह्याद्रीतही उन्हाळ्याच्या तोंडी जाळरेषा काढणारे आणि वणवा लागला की हिरव्या फांद्यांनी तो झोडपायला धावणारे पुष्कळदा हंगामी मजूरच असतात. त्यांच्या पायांत अग्निरोधक बूट नसतात. संभाषण टिपणारे यंत्र तर दूरच राहिले. त्यांच्यापैकी एखादा वाऱ्याची दिशा पाहून 'साहेब, आज वर जायला नको' असे म्हणाला असेल, तर ते कोणत्या अहवालात येणार?

ऑस्ट्रेलियात अहवालानंतर काही गोष्टी बदलल्या. ग्रामीण अग्निशमन सेवेने वैमानिकांनी नाकारलेल्या कामांची नोंद ठेवण्याची आणि ती इतरांना कळविण्याची पद्धत घालून देण्याचे ठरविले. विमान कंपनीने पालटत्या वाऱ्याचा प्रसंग आपल्या वैमानिकांच्या सरावात घेतला आणि उड्डाणापूर्वी जोखीम मोजण्याचा तक्ता तयार केला. बिनसरच्या मजुरांसाठी असा तक्ता कोणी तयार केला असल्यास वन खात्याने तो प्रसिद्ध करावा.